बुद्धिमापन चाचण्या : आकड्याचा इतिहास आणि आकड्याचे वाचन

प्रस्तावना

अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला समुपदेशकाकडे किंवा रुग्णालयात नेले जाते. तास-दीड तासाची चाचणी होते आणि काही दिवसांनी पालकांच्या हाती अहवाल येतो. अहवालाच्या शेवटी एक आकडा असतो; समजा, ७८. त्या दिवसापासून घरातली माणसे, वर्गशिक्षक आणि पुढे ते मूल स्वतःही या आकड्याकडे रक्तगटाप्रमाणे पाहू लागते. रक्तगट जसा जन्मभर बदलत नाही, तशी बुद्धीही एवढीच, असा समज रुजतो.

एका मुलाच्या बाबतीत जे घडते तेच गेल्या शतकात संपूर्ण समाजांच्या बाबतीत घडले. चाचणीत मिळालेल्या गुणांची सरासरी काढण्यात आली आणि ती सरासरी त्या वंशाची, त्या देशाची किंवा त्या वर्गाची 'मूळ प्रकृती' मानण्यात आली. प्रस्तुत लेखात बुद्धिमापन चाचण्यांचा इतिहास थोडक्यात पाहावयाचा असून, या चाचण्या नेमके काय मोजतात आणि त्यांच्या आकड्यांतून काय काढता येत नाही, या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. चाचणी निरुपयोगी आहे असे येथे म्हणावयाचे नाही. आकड्यामागचा प्रश्न विसरला गेला म्हणजे आकड्याचा अर्थ बिघडतो, एवढेच दाखवावयाचे आहे.

१. पॅरिस : मदतीसाठी तयार झालेली मोजपट्टी

फ्रान्समध्ये १८८२ च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते अशी मुले वर्गात येऊ लागली. त्यांतील काहींना वर्गाबरोबर चालणे जमेना. अशा मुलांसाठी वेगळी शिकवणी हवी, हे मान्य झाले. पण ती मुले ओळखावयाची कशी? केवळ शिक्षकाच्या मतावर विसंबले तर खोडकर मूल 'मंद' ठरण्याचा आणि निमूट बसणारे मूल नजरेतून सुटण्याचा धोका होता. या प्रश्नासाठी १९०४ मध्ये सार्वजनिक शिक्षण खात्याने एक समिती नेमली. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने (१८५७–१९११) हे तिचे सदस्य होते.

बिने यांनी आधी कवटीच्या मोजमापावरून बुद्धी जोखण्याचा प्रयत्न करून पाहिला होता. हुशार व मागासलेल्या विद्यार्थ्यांच्या कवट्यांत जो फरक निघाला तो अगदी किरकोळ होता. शिवाय आपल्याला जे अपेक्षित आहे त्याकडे आपला हात नकळत झुकतो, हेही त्यांच्या लक्षात आले. तो मार्ग त्यांनी सोडला. १९०५ मध्ये थिओडोर सायमन यांच्या सहकार्याने त्यांनी तीस कृतींची एक श्रेणी तयार केली. हलत्या प्रकाशाचा नजरेने मागोवा घेण्यासारख्या साध्या कृतीपासून दोन अमूर्त शब्दांतील फरक सांगण्यापर्यंत तिचा चढता क्रम होता. १९०८ च्या सुधारित आवृत्तीत प्रश्न वयानुसार लावण्यात आले आणि त्यातून 'मानसिक वय' ही कल्पना पुढे आली. आठ वर्षांचे मूल सहा वर्षांच्या मुलांना जमणाऱ्या कृतींपाशी अडले तर त्याचे मानसिक वय सहा.

बिने यांनी घातलेल्या मर्यादा महत्त्वाच्या आहेत. लांबी जशी पट्टीने मोजतात तशी बुद्धी मोजता येत नाही. आपली श्रेणी केवळ मुलांचा क्रम लावते, असे त्यांनी सुरुवातीलाच बजावले होते. व्यक्तीची बुद्धी ठरलेली असून ती वाढविता येत नाही, या मताचा त्यांनी १९०९ मधील ग्रंथात स्पष्ट शब्दांत निषेध केला. लक्ष, स्मरण व विवेक यांना वळण लावणाऱ्या व्यायामांची एक पद्धतही त्यांनी सुचविली. ब्रुसेल्समध्ये हीच श्रेणी एका खासगी शाळेतील सुखवस्तू मुलांना दिली असता ती पॅरिसच्या मुलांपेक्षा सुमारे दीड वर्षाने पुढे निघाली. बेल्जियन मुले फ्रेंच मुलांपेक्षा जात्याच हुशार, असा अर्थ बिने यांनी काढला नाही. घरच्या परिस्थितीचा परिणाम त्यांनी त्यात पाहिला. म्हणजे चाचणी जन्माला येऊन पुरती सहा वर्षे झाली नव्हती, तोच ती घरालाही मोजते हे तिच्या जनकाला कळून चुकले होते.

२. अटलांटिकपलीकडे : क्रम लावणाऱ्या श्रेणीचा शिक्का झाला

१९११ मध्ये बिने यांचे निधन झाले. १९१२ मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लुईस टर्मन यांनी १९१६ च्या आपल्या आवृत्तीत त्या भागाकाराला शंभराने गुणून बुद्ध्यंक रूढ केला. सोयीचा असा हा एकच आकडा झाला. मात्र मूल कोठे अडले, कोणती कृती जमली, कोणती जमली नाही, हा तपशील त्या आकड्याआड गेला.

न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथील संस्थेत काम करणारे हेन्री गोडार्ड यांनी बिने यांची श्रेणी अमेरिकेत आणली. बिने यांनी ज्याला 'सध्याची स्थिती' म्हटले होते त्याला गोडार्ड आनुवंशिक दोष मानू लागले. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर जहाजातून उतरणाऱ्या स्थलांतरितांवर त्यांच्या साहाय्यकांनी चाचण्या घेतल्या. १९१७ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : ज्यूंपैकी ८३ टक्के, हंगेरियनांपैकी ८० टक्के, इटालियनांपैकी ७९ टक्के आणि रशियनांपैकी ८७ टक्के 'दुर्बलबुद्धी'.

हे आकडे कसे तयार झाले ते पाहण्यासारखे आहे. तपासलेले ज्यू ३५, हंगेरियन २२, इटालियन ५० आणि रशियन ४५ होते. हा नमुना सरसकट घेतलेला नव्हता. जे उघडच सामान्य दिसत होते आणि जे उघडच सदोष दिसत होते, अशा दोघांनाही वगळून मधल्यांची निवड झाली होती. कित्येक दिवसांच्या बोटीच्या प्रवासाने थकलेला, परक्या देशाच्या दारात धास्तावून उभा असलेला माणूस दुभाष्यामार्फत उत्तरे देत होता. त्यांतील कित्येकांनी आयुष्यात कधी पेन्सिल हाती धरली नसेल. अशा नमुन्यावरून सगळ्या ज्यूंविषयी किंवा सगळ्या इटालियनांविषयी काहीही सांगता येत नाही. गोडार्ड यांनी स्वतः परिस्थितीचा परिणाम असू शकेल हे नमूद केले होते आणि १९२८ मध्ये आपल्या बऱ्याचशा पूर्वमतांना त्यांनी मुरडही घातली. पण लोकांच्या लक्षात टक्केवारी राहिली, त्याखालचा खुलासा राहिला नाही.

३. सैनिकी छावण्यांतील चाचण्या

पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली सुमारे साडेसतरा लाख सैनिकांची चाचणी झाली. इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी 'आल्फा' आणि न येणाऱ्यांसाठी चित्रांची 'बीटा' अशा दोन चाचण्या होत्या. आल्फा चाचणीत क्रिस्को म्हणजे औषध, जंतुनाशक, दंतमंजन की खाद्यपदार्थ, असा प्रश्न होता. एक नामांकित बेसबॉलपटू कशासाठी प्रसिद्ध आहे, असाही एक होता. निरक्षरांच्या बीटा चाचणीत अपुऱ्या चित्रांतील उणीव ओळखावयाची होती. जाळी नसलेले टेनिसचे मैदान आणि कर्णा नसलेला फोनोग्राफ ही त्यांतली दोन चित्रे. सिसिलीच्या खेड्यातून आलेल्या शेतमजुराने टेनिसची जाळी कोठे पाहिलेली असणार? काही भागांत शून्य गुण मिळविणाऱ्यांची संख्या फार मोठी होती. माणूस निर्बुद्ध असण्यापेक्षा सूचनाच समजली नसण्याची शक्यता अशा वेळी अधिक असते.

१९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात गोऱ्या सैनिकांचे सरासरी मानसिक वय सुमारे तेरा वर्षे दाखविण्यात आले. देशात खळबळ उडाली. पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये 'द न्यू रिपब्लिक' या साप्ताहिकात लेखमाला लिहून या विधानातील विसंगती उघड केली. देशातील सरासरी प्रौढाची बुद्धी देशातील सरासरी प्रौढापेक्षा कमी आहे, या म्हणण्याला अर्थच नाही. टर्मन यांनी प्रौढांचे मानसिक वय सोळा गृहीत धरले होते. त्यामागे कॅलिफोर्नियातील काही व्यापारी आणि माध्यमिक शाळेतील काही विद्यार्थी असा लहानसा नमुना होता. मोठ्या संख्येने तपासलेले सैनिक त्या मापात बसले नाहीत, तेव्हा माप चुकले असे कोणी म्हटले नाही. माणसेच उणी ठरविण्यात आली.

प्रिन्स्टनचे कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये हीच आकडेवारी घेऊन युरोपातील वंशांची प्रतवारी लावली. त्यांच्याच तक्त्यांत एक गोष्ट ठळक दिसत होती : अमेरिकेत राहून जितकी वर्षे अधिक, तितके गुण अधिक. वीस वर्षांहून अधिक काळ राहिलेल्यांचे गुण तेथेच जन्मलेल्यांच्या जवळपास होते. भाषा व चालीरीती अंगवळणी पडल्या की गुण वाढतात, हा सरळ अर्थ होता. ब्रिगहॅम यांनी मात्र पूर्वी येणारे लोक चांगल्या वंशाचे होते आणि अलीकडे येणारे हलक्या, असा अर्थ लावला. १९२४ च्या कायद्याने स्थलांतरितांची संख्या १८९० च्या जनगणनेतील त्यांच्या प्रमाणाच्या दोन टक्क्यांवर आणली आणि दक्षिण व पूर्व युरोपातील लोकांना दार जवळजवळ बंद झाले. या कायद्यामागे आर्थिक व राजकीय कारणे होती आणि चाचण्यांचा त्यात वाटा किती, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु आधीपासून असलेल्या पूर्वग्रहाला विज्ञानाची भाषा मिळाली, हे नाकारता येत नाही. १९३० मध्ये ब्रिगहॅम यांनी आपले निष्कर्ष जाहीरपणे मागे घेतले. तोवर कायदा होऊन सहा वर्षे झाली होती.

आकड्याची किंमत एका तरुण स्त्रीने कशी मोजली, हे 'बक विरुद्ध बेल' या १९२७ च्या खटल्यात दिसते. व्हर्जिनिया राज्यातील कॅरी बक हिचे मानसिक वय नऊ वर्षे ठरविण्यात आले आणि तिच्या आईचे आठच्या आसपास. तिच्या तान्ह्या मुलीकडे केवळ पाहून तीही पुरती सामान्य नाही, असे मत नोंदविण्यात आले. तीन पिढ्यांचा दोष सिद्ध झाला असे मानून सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने कॅरीच्या सक्तीच्या निर्बीजीकरणाला मान्यता दिली. ती मुलगी पुढे शाळेत गेली आणि १९३१ मध्ये गुणवंतांच्या यादीत तिचे नाव आले. पुढच्याच वर्षी ती आजाराने वारली. अमेरिकेत अशा कायद्यांखाली साठ हजारांहून अधिक लोकांचे निर्बीजीकरण झाले.

४. सरासरीचे दुसरे वाचन

सैनिकी चाचण्यांचे तेच तक्ते वेगळ्या नजरेने वाचणारेही होते. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ होरेस मान बाँड यांनी १९२४ मध्ये 'द क्रायसिस' मासिकातून या आकड्यांच्या वांशिक अर्थावर टीका केली. संपूर्ण देशाची सरासरी घेतली तर गोरे पुढे दिसत. पण राज्यवार पाहिले तर ओहायो, इलिनॉय आणि न्यूयॉर्क या उत्तरेकडील राज्यांतील कृष्णवर्णीय सैनिकांचे गुण मिसिसिपी, आर्कान्सा, केंटकी आणि जॉर्जिया या दक्षिणेकडील राज्यांतील गोऱ्या सैनिकांपेक्षा अधिक होते. रंग हेच कारण असते तर असे घडले नसते.

यावर प्रतिपक्षाचे उत्तर असे की, हुशार कृष्णवर्णीयच उत्तरेकडे गेले असावेत. हे उत्तर तपासता येण्यासारखे होते आणि मानसशास्त्रज्ञ ओटो क्लाइनबर्ग यांनी ते तपासले. दक्षिण सोडून गेलेल्या मुलांच्या जुन्या शालेय नोंदी पाहता ती मागे राहिलेल्या मुलांपेक्षा विशेष सरस नव्हती. न्यूयॉर्कमधील वास्तव्य जितके अधिक तितके मात्र त्यांचे गुण वाढत गेले होते. १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास म्हणजे आकड्यांचे वाचन कसे करावे याचा वस्तुपाठ होय. एकाच आकड्याचे दोन अर्थ संभवत असतील, तर त्यांतील आवडता अर्थ निवडून चालत नाही. दोहोंत निवड करू शकेल असा तिसरा पुरावा शोधावा लागतो.

५. सहसंबंध आणि आनुवंशिकता : दोन गैरसमज

१९०४ मध्येच इंग्लंडमध्ये चार्ल्स स्पिअरमन यांनी दाखविले की, एका विषयात चांगले गुण मिळविणारी मुले बहुधा दुसऱ्या विषयांतही चांगले गुण मिळवितात. या परस्परसंबंधांमागे एक सामान्य बौद्धिक घटक असावा, असे त्यांचे अनुमान होते. निरीक्षण बरोबर होते आणि आजवर ते टिकले आहे. अनुमान मात्र एकमेव नव्हते. गॉडफ्रे थॉमसन यांनी १९१६ मध्ये फाशांच्या साहाय्याने दाखवून दिले की, अनेक लहान लहान स्वतंत्र घटक वेगवेगळ्या चाचण्यांत मिसळले गेले तरी सहसंबंधांचा तसाच नमुना तयार होतो. गणिताने काढलेला घटक मेंदूत एक वस्तू म्हणून असतोच असे नाही.

दुसरा गैरसमज आनुवंशिकतेच्या टक्केवारीविषयी आहे. एखाद्या समूहात गुणांमधील फरकाचा मोठा भाग आनुवंशिक आहे असे आढळले, म्हणजे दोन समूहांमधील फरकही आनुवंशिक, असे अनेकदा गृहीत धरले जाते. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७० मध्ये शेतीचे उदाहरण देऊन यातील चूक दाखविली. एकाच पोत्यातले मिश्र बियाणे दोन वाफ्यांत पेरले. एका वाफ्याला पोषणद्रव्ये पुरेशी, दुसऱ्याला अपुरी. प्रत्येक वाफ्यातील रोपांच्या उंचीतील फरक बियाण्यामुळे असेल, कारण तेथे माती सर्वांना सारखी आहे. दोन वाफ्यांच्या सरासरी उंचीतील फरक मात्र पूर्णपणे मातीचा असेल. ज्याने काळी जमीन आणि माळरान दोन्ही पाहिले आहे त्याला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवल्याने काय होते, याचे उदाहरण सिरिल बर्ट यांचे आहे. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या अभ्यासावरून त्यांनी बुद्धी मुख्यतः आनुवंशिक असल्याचे प्रतिपादन केले होते. १९७४ मध्ये लिऑन कामिन यांनी दाखविले की, जुळ्यांच्या जोड्यांची संख्या २१ वरून ५३ पर्यंत वाढली तरी बर्ट यांचा सहसंबंध तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत ०.७७१ हाच राहिला होता. खऱ्या मोजमापात असे घडणे जवळजवळ अशक्य. बर्ट यांनी लबाडी केली की निष्काळजीपणा, यावर पुढे वाद झाला. पण ते आकडे पुरावा म्हणून वापरण्याजोगे राहिले नाहीत. इतर संशोधकांच्या जुळ्यांच्या अभ्यासांतूनही आनुवंशिकतेचा वाटा दिसतो, हे येथे सांगितले पाहिजे. तो वाटा एका समूहातील फरकांचा आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

६. उझबेकिस्तान : उत्तर चुकीचे की प्रश्न परका?

१९३१-३२ मध्ये रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांनी मध्य आशियातील उझबेक व किरगिझ खेड्यांत जाऊन काम केले. त्यांनी शेतकऱ्यांना कुऱ्हाड, करवत, हातोडा आणि लाकडाचा ओंडका अशी चार चित्रे दाखवून विसंगत काय ते विचारले. शाळेत गेलेला माणूस ओंडका बाजूला काढतो, कारण बाकीची तीन अवजारे आहेत. निरक्षर शेतकरी काहीच बाजूला काढायला तयार होईनात. लाकूड नसेल तर कुऱ्हाड-करवतीचे करावयाचे काय, असा त्यांचा सवाल होता.

दुसरा प्रश्न तर्काचा होता. दूर उत्तरेस बर्फाळ प्रदेशात सगळी अस्वले पांढरी असतात. अमुक गाव तेथे आहे. तर तेथील अस्वले कोणत्या रंगाची? आपण तेथे गेलो नाही, ज्याने पाहिले असेल त्याला विचारा, अशा अर्थाची उत्तरे मिळाली. चाचणीच्या हिशेबाने हे शून्य गुण. वस्तुतः न पाहिलेल्या गोष्टीची ग्वाही न देणे हा व्यवहारातला विवेकच होय. थोडेफार शालेय शिक्षण झालेले त्याच भागातील लोक मात्र अपेक्षित उत्तर सहज देत होते. वस्तूंचे वर्ग पाडणे, प्रश्नातील गृहीत गोष्ट खरी मानून पुढे जाणे, या सवयी शाळा लावते. बुद्धिमापन चाचणी त्या सवयी फार चांगल्या रीतीने मोजते. लुरिया यांचे हे काम वादग्रस्त ठरल्याने १९७४ पर्यंत ग्रंथरूपाने बाहेर येऊ शकले नाही.

७. वाढणारे आणि घटणारे गुण

बुद्ध्यंकाची आजची पद्धत डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ मध्ये रूढ केली. तीत भागाकार नसतो. त्या वयोगटाची सरासरी १०० धरली जाते आणि व्यक्ती त्या सरासरीपासून किती दूर आहे ते सांगितले जाते. म्हणजे बुद्ध्यंक हे वजन-मापासारखे माप नसून रांगेतील स्थान आहे. ती रांग ज्या मुलांवरून लावली, त्यांना प्रमाणीकरणाचा नमुना म्हणतात.

न्यूझीलंडमध्ये काम करणाऱ्या जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये दाखविले की, अमेरिकेत १९३२ ते १९७८ या काळात गुण सुमारे चौदा अंकांनी वाढले होते. नेदरलँड्समध्ये सैन्यभरतीच्या तरुणांचे गुण १९५२ ते १९८२ या तीस वर्षांत वीस अंकांनी वाढले. ही वाढ आकृत्यांच्या चाचणीवर झाली होती, जिच्यावर संस्कृतीचा परिणाम सर्वांत कमी असे मानले जात होते. तीस वर्षांत एखाद्या राष्ट्राचे आनुवंशिक गुण इतके बदलत नाहीत. शाळा, आहार, लहान कुटुंबे, चित्रे व आकृत्यांनी भरलेले जग, अशी अनेक कारणे सुचविली गेली आहेत. नॉर्वेमध्ये १९७५ च्या सुमारानंतर जन्मलेल्यांत गुण उलट घटू लागले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाढ आणि घट दोन्ही सख्ख्या भावांमध्येही आढळल्या; तेव्हा कारण वंशात नसून परिस्थितीत असणार हे उघड झाले. त्याच वर्षी सहा लाखांहून अधिक व्यक्तींच्या एकत्रित माहितीवरून असे दिसले की, शिक्षणाचे एकेक वर्ष बुद्ध्यंकात साधारण एक ते पाच अंकांची भर घालते.

८. भारतातील प्रयत्न आणि त्यांतील धडे

भारतात बिने यांच्या श्रेणीचे पहिले महत्त्वाचे रूपांतर लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातील सी. हर्बर्ट राइस यांनी १९२२ मध्ये हिंदुस्तानीत केले. मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी व्ही. व्ही. कामत यांनी स्टॅनफर्ड-बिने श्रेणीची आवृत्ती तयार केली. तिच्यावरील त्यांचा शोधनिबंध १९३४ मध्ये आणि ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे सी. एम. भाटिया यांनी १९५५ मध्ये ठोकळे, नमुने व चित्रे यांवर आधारित कृतिचाचण्या दिल्या. निरक्षर मुलांसाठी वेगळी प्रमाणके लागतात, हे त्यांनी ओळखले होते. नागपूर येथे आर्थर मालिन यांनी १९६९ मध्ये वेक्सलर यांच्या चाचणीचे भारतीय रूपांतर सिद्ध केले.

या सर्वांना भिडलेला प्रश्न केवळ भाषांतराचा नव्हता. इंग्रजीत सोपा असलेला शब्द मराठीत पुस्तकी होतो. एका वयाच्या मुलाला जमणारा प्रश्न भाषा बदलताच वरच्या वयाचा होतो. म्हणून प्रत्येक प्रश्न आपल्या मुलांवर पुन्हा तपासून त्याची जागा ठरवावी लागते. सीमाभागातील एखाद्या मुस्लिम मुलाची घरची बोली दखनी, शाळेचे माध्यम उर्दू आणि बाजाराची भाषा मराठी किंवा कन्नड असते. त्याची चाचणी कोणत्या भाषेत घ्यावयाची, हा तांत्रिक तपशील नसून निकालाचाच भाग आहे. शब्दसंग्रहाच्या प्रश्नावर ते अडले, तर अडलेले कोण, मूल की भाषा, हे परीक्षकाने पाहावयास हवे.

बिने-कामत चाचणी आजही भारतातील अनेक रुग्णालयांत वापरली जाते. फ्लिन यांच्या निष्कर्षाचा येथे थेट संबंध येतो. प्रमाणके जुनी असतील तर आजच्या मुलाची तुलना कित्येक दशकांपूर्वीच्या मुलांशी होते आणि त्याचे गुण फुगलेले दिसतात. ज्या मुलाला बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र व त्याबरोबर येणारी मदत मिळावयास हवी, ते मूल अशा फुगलेल्या आकड्यामुळे मदतीपासून वंचित राहू शकते. चुकीचा आकडा नेहमी कमीच असतो असे नव्हे. जास्त आकडाही अन्याय करतो.

समाजाच्या पातळीवर याच प्रकारची चूक बुद्धिचाचणी न घेताही होते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार २००१ मध्ये मुस्लिमांतील साक्षरता ५९.१ टक्के, तर देशाची ६५.१ टक्के होती. हा आकडा शाळेचे अंतर, घरचे उत्पन्न, माध्यमाची उपलब्धता आणि मुलांची गळती यांविषयी बोलतो. 'या समाजाला शिक्षणाची आवडच नाही', असे जेव्हा त्यावरून म्हटले जाते, आणि ते कधी कधी समाजातील माणसेही म्हणतात, तेव्हा ब्रिगहॅम यांचीच चूक पुन्हा होत असते. आकडा दोन वाफ्यांतील फरक दाखवितो. तो बियाण्याचा की मातीचा, हे त्या आकड्यात लिहिलेले नसते.

समारोप

१९९४ मधील एका गाजलेल्या पुस्तकावरून अमेरिकेत पुन्हा वाद पेटला, तेव्हा तेथील मानसशास्त्र संघटनेने नेमलेल्या तज्ज्ञ गटाने १९९६ मध्ये आढावा घेतला. बुद्ध्यंक व शालेय गुण यांतील सहसंबंध साधारण ०.५ असल्याचे त्यांनी मान्य केले. हा संबंध दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण ०.५ चा वर्ग ०.२५ होतो, म्हणजे शालेय गुणांतील फरकाचा सुमारे एकचतुर्थांश भाग बुद्ध्यंकाशी जुळतो आणि तीनचतुर्थांश भाग त्याबाहेर राहतो. कृष्णवर्णीय व गोरे यांच्या सरासरीतील फरक आनुवंशिक असल्याला फारसा प्रत्यक्ष पुरावा नाही, असेही त्या गटाने नोंदविले.

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात :

(१) बुद्धिमापन चाचणी त्या दिवशी, त्या भाषेत, त्या प्रकारच्या प्रश्नांवर व्यक्तीने केलेली कामगिरी मोजते. शाळेत लागणाऱ्या कौशल्यांशी तिचा संबंध जवळचा आहे.

(२) बुद्ध्यंक हे एका विशिष्ट समूहातील स्थान आहे. तो समूह कोणता आणि कोणत्या काळातला, हे कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

(३) प्रत्येक आकड्याला काही अंकांची मागे-पुढे चूक असते. 'हॉल विरुद्ध फ्लोरिडा' या २०१४ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७० या काटेकोर मर्यादेवर माणसाचा जीव तोलणे घटनाबाह्य ठरविले, ते मुख्यतः याच कारणाने.

(४) समूहातील फरकाचे कारण समूहांमधील फरकाला लागू करता येत नाही.

(५) कोणत्याही सरासरीचा अर्थ लावण्यापूर्वी नमुना कसा निवडला, कोण वगळले गेले आणि त्याच आकड्याचा दुसरा अर्थ संभवतो काय, हे विचारले पाहिजे.

प्रस्तावनेतील ७८ या आकड्याकडे आता पाहता येईल. आज, या चाचणीत, या भाषेत, आपल्या वयाच्या बहुतेक मुलांपेक्षा हे मूल मागे आहे, एवढे तो आकडा सांगतो. तोही काही अंकांच्या फरकाने. ते का मागे आहे हे तो सांगत नाही आणि उद्या कोठे असेल हेही सांगत नाही. त्याला ऐकू नीट येते काय, डोळे तपासले आहेत काय, घरी कोणती भाषा बोलतात, शाळा किती दिवस बुडाली, कोणत्या कृतीपाशी ते अडले, हे प्रश्न अहवाल हाती आल्यानंतर विचारावयाचे असतात. १९०४ मध्ये पॅरिसच्या समितीपुढे प्रश्न होता तो अशा मुलाला कसे शिकवावे हा. अहवाल वाचणाऱ्या शिक्षकाने आणि पालकांनी तोच प्रश्न समुपदेशकाला विचारावा, आणि त्याचे उत्तर अहवालात लिहून मागावे.